सायकलला नंबर आणि कर: हवा की नको?

तिसरा_मजला

महिन्यापूर्वी आईला सायकलनं उडवलं. हा शब्द मोटारींसाठी राखीव आहे असं मलाही तोवर वाटायचं. आई पदपथावरून चालली होती. मागून घंटी नाही की आवाज नाही. हँडलचं टोक तिच्या कोपराला लागलं आणि ती डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं. सायकलवाला थांबला, "सॉरी काकू" म्हणाला, पडलेली पिशवी उचलून तिच्या हातात दिली (मोडलेल्याच!) आणि निघून गेला. आईला आठवतं ते एवढंच: निळं हेल्मेट आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा.

तक्रार लिहून घेणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "वाहन क्रमांक?" मी म्हटलं, सायकल होती. त्यानं पेन खाली ठेवलं. पुढे काही उद्धट बोलला असं नाही, पण ते पेन पुन्हा उचललं गेलं नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की सायकलींची नोंदणी का नसावी? प्रत्येक सायकलला क्रमांक, मालकाचं नाव, आणि ही यंत्रणा चालवायला वर्षाकाठी थोडासा कर. रस्ता वापरायचा तर ओळख दाखवून वापरा. यात फार काही मागितलं असं मला वाटत नाही.

आणि हो, नवरा रोज सायकलनंच कामावर जातो. मला सायकलद्वेष्टी ठरवायची तसदी घेऊ नका, घरात ते काम आधीच झालंय.

गिअरशिवाय

आईंना लवकर आराम पडो. तो मनुष्य निघून गेला हे संतापजनकच आहे.

पण ताई, मोटारींना पाटी असतेच की. म्हणून धडक देऊन पळणारे थांबले का? पडलेला माणूस नंबर वाचत नसतो. शिवाय सायकलला पाटी लावणार कुठं? सीटखाली लावली तर कॅरिअरवरच्या पिशवीनं झाकते, पुढे लावली तर मागून दिसत नाही. लांबून वाचता येईल एवढी मोठी केली तर वाऱ्याला फडफडते आणि मांडीला लागते. मी एकदा एका स्पर्धेचा नंबर हँडलला बांधून दिवसभर चालवलाय. संध्याकाळी तो चिखलानं असा माखला होता की माझा मलाच वाचता आला नाही.

वळणावर

धागा अगदी योग्य. मी गाडीसाठी नोंदणी शुल्क भरतो, विमा भरतो, इंधनावर कर भरतो. सायकलवाले काय भरतात? शून्य. वर त्यांना स्वतंत्र मार्गिका हवी, सिग्नलला पुढे उभं राहायला रंगवलेली चौकट हवी. फुकट्यांचे लाड पुरे झाले. रस्त्याचे पैसे जो देतो त्याचा रस्ता.

पादचारी_प्रथम

"जो देतो त्याचा रस्ता" या हिशेबानं मी पदपथावर तरी पाय ठेवू का? विचारून घेतलेलं बरं.

बेरीजवजाबाकी

@वळणावर, "रस्त्याचे पैसे मी देतो" हे वाक्य जरा उलगडून बघू. ते ब्रिटनमध्ये फार ऐकू येतं आणि तिथं त्याला इतिहास आहे. १९२० साली तिथं रोड फंड सुरू झाला. मोटारींकडून शुल्क घ्यायचं आणि रस्त्यांवरच खर्चायचं. १९२६ मध्ये अर्थमंत्री असलेल्या चर्चिलनं त्यातले पैसे सरकारी तिजोरीकडे वळवायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये शुल्क आणि रस्ते यांचं थेट नातं तुटलं. तेव्हापासून तिथले रस्ते सर्वसाधारण करांतून होतात. मोटारीवरचा कर उरला, पण तो वाहनावरचा कर आहे. आता तर तो बऱ्याच अंशी धुरावर ठरतो. विजेच्या मोटारींना तो एप्रिल २०२५ पर्यंत शून्य होता. त्यांना "फुकटे" म्हणून रस्त्याच्या कडेला जा असं कोणी सांगितल्याचं माझ्या तरी कानावर नाही. लोक मात्र अजून त्याला "रोड टॅक्स"च म्हणतात. नाव टिकलं आणि नावाबरोबर मालकीची भावनाही.

आता झीज. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले आणि रस्ता किती खराब होतो ते मोजलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नाही, सोळापट.

कार १५०० किलोची धरा, म्हणजे एका ॲक्सलवर ७५०. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो, म्हणजे एका चाकावर ४५. भागाकार साधारण १६.७. त्याचा चौथा घात सुमारे ७७ हजार. कार एकदा गेली की जेवढी झीज होते तेवढी करायला सायकलला ७७ हजार वेळा जावं लागेल. रोज जाऊन-येऊन दोनदा गेलं तरी शंभर वर्षं पुरत नाहीत.

कारकडून झिजेपोटी वर्षाला हजार रुपये घेतले, तर याच न्यायानं सायकलच्या वाट्याला येतो सव्वा पैसा.

उगाच_एक_शंका

सव्वा पैसा ऑनलाइन भरता येईल का? आणि व्यवहार शुल्क वेगळं पडेल का?

वळणावर

आकडे छान आहेत, पण सोयीचे आहेत. तो नियम जड वाहनांच्या चाचणीतून आलाय, तुम्ही तो ४५ किलोपर्यंत ताणलात. आणि रस्ता फक्त चाकांनी झिजत नाही, ऊन-पावसानंही खराब होतो. शिवाय खर्च झिजेचाच असतो का? सायकल मार्गिकेला जागा लागते, दुभाजक लागतात, वेगळे सिग्नल लागतात. ते कोण देणार?

बेरीजवजाबाकी

ताणलाय, मान्य. ७७ हजारांच्या जागी दहा हजार धरा, हवं तर हजार धरा. निष्कर्ष हलत नाही.

जागेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर कर लावायचा तर मी पहिला सही करीन. एका कारच्या पार्किंगमध्ये दहा सायकली सहज मावतात. जागेप्रमाणे बिल पाठवा, आधी कोणाला येतं ते बघू.

वळणावर

म्हणजे शेवटी कारवालाच गुन्हेगार. ठीक.

संपादक

विषय कारवाले विरुद्ध सायकलवाले असा नाही. व्यक्तिगत शेरे असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

खिडकीपलीकडचा

वाहन नोंदणीच्या खिडकीमागे माझी बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे. कर हवा की नको ते तुम्ही ठरवा. मी फक्त नोंदवहीबद्दल लिहितो.

लोकांना वाटतं नोंदणी म्हणजे नंबर देणं. ते सोपं आहे, दोन मिनिटांचं काम. खरं काम पुढे सुरू होतं: वाहन विकलं, मालक वारला, पत्ता बदलला, रंग बदलला, भंगारात गेलं, चोरीला गेलं, चोरीचं सापडलं. माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत नवीन नोंदणीवाले थोडेच असायचे, बाकी सगळी दुरुस्तीचीच गर्दी. मोटार महाग असते, म्हणून लोक हे सगळं करतात, तेही कुरकुरत.

आता सायकलचा विचार करा. थोरल्याची सायकल धाकट्याला जाते, तिथून मावसभावाला, तिथून वॉचमनच्या मुलाला. हस्तांतरणाचा अर्ज कोण भरणार? आणि सायकल नेमकी कशाला म्हणायचं? ओळखीच्या एका गृहस्थांनी दहा वर्षांत चाकं, हँडल, सीट, चेन सगळं बदललं, शेवटी फ्रेमला तडा गेला म्हणून तीही बदलली. ते अजून "तीच सायकल" म्हणतात. नोंदवहीत काय लिहू?

पाच वर्षांत त्या नोंदवहीतली निम्मी नावं खोटी झालेली असतील. कोणी लबाडी केली म्हणून नाही, नुसत्या आळसानं. आणि खोटी नोंदवही ही नोंदवही नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवून तुम्ही भलत्याच माणसाच्या दारात जाता.

कॅनडातल्या टोरांटो शहरानं हे करून पाहिलंय. १९३५ ते १९५७ तिथं सायकलला परवाना लागायचा. बंद करताना दिलेलं एक कारण वाचून मला हसू आलं आणि पटलंही: लहान मुलं नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोलिसांशी त्यांचं नातं बिघडतं. सात वर्षांच्या पोराला पहिली ओळख पावतीपुस्तकाची.

तिसरा_मजला

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलांचा विचार मी केलाच नव्हता. पण मग आईसारख्यांनी करायचं काय? "यंत्रणा अवघड आहे" हे उत्तर मोडलेल्या मनगटाला कसं सांगू?

चेनतेल

मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे जुन्या बिल्ल्यांचा शौक आहे. एक गोष्ट सांगतो.

आज नेदरलँड्स म्हणजे सायकलवाल्यांचं माहेर. पण तिथं १९२४ पासून सायकलवर कर होता. सुरुवातीला वर्षाला तीन गिल्डर भरायचे आणि धातूचा बिल्ला सायकलवर लावायचा. पुढे मंदी आली, बेकारांना तेवढे पैसेही जड झाले, तेव्हा त्यांना बिल्ला फुकट मिळू लागला. फक्त त्या बिल्ल्याला मधोमध एक भोक पाडलेलं असायचं. सायकल भिंतीला टेकवली की येणाऱ्याजाणाऱ्याला कळायचं, हा बेकार आहे. बेरीजवजाबाकींनी सव्वा पैसा काढला, मला ते भोक जास्त बोचतं. कर कोणावर बसतो बघा. ज्याला गाडी परवडत नाही त्याच्यावर, आणि त्यालाही सूट द्यायची तर आधी त्याला ओळखू येईल असं करायचं.

तो कर १९४१ मध्ये, जर्मन अंमलाखाली उठला. तेव्हाच्या डच लोकांना याचा आनंद मानावा की नाही हेही कळलं नसेल.

पण ताई, तुमच्यासाठी दुसरं उदाहरण आहे: स्वित्झर्लंड. तिथं दर वर्षी सायकलला एक छोटं स्टिकर चिकटवावं लागे. लोक त्याला कर समजत, पण ते स्टिकर मुख्यतः विम्याचं होतं. सायकलवाल्यानं कोणाला इजा केली, कोणाचं नुकसान केलं, तर भरपाई त्यातून. २०१२ पासून ते बंद झालं, कारण बहुतेक घरांकडे तशा जबाबदारीचा खाजगी विमा होताच आणि स्टिकरचा खटाटोप नफ्याला पुरत नव्हता.

पादचारी_प्रथम

चेनतेल, तुमचं शेवटचं वाक्य लोक अर्धवट उचलतील, म्हणून आधीच सांगते. स्विस लोकांनी विमा सोडला नाही. स्टिकर सोडलं, कारण विमा दुसऱ्या दारानं घरात आलेलाच होता. जिथं तसा घरगुती विमा जवळपास कोणीच काढत नाही, तिथं "स्विसांनीसुद्धा बंद केलं" हा युक्तिवाद लंगडा आहे.

आता जपानकडे बघा. २००८ मध्ये कोबे शहरात अकरा वर्षांच्या मुलाची सायकल एका बासष्ट वर्षांच्या बाईंवर आदळली. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. २०१३ मध्ये न्यायालयानं मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले. एवढे पैसे साध्या घरात कुठून असणार? म्हणजे एका अपघातात दोन घरं बुडाली. त्यानंतर २०१५ मध्ये त्याच भागातल्या ह्योगो प्रांतानं सायकलवाल्यांना जबाबदारीचा विमा सक्तीचा केला आणि मग इतर प्रांत त्या वाटेनं गेले.

ताईंचं दुखणं हे आहे. तुम्ही सगळे रस्त्याच्या झिजेवर भांडताय, आणि त्यांच्या आईच्या हाडाची झीज कोणी धरलीच नाही.

गिअरशिवाय

हे पटलं. विमा म्हटलं तर मी आज काढतो. पाटी म्हटलं की का कोण जाणे, अंगावर येतं.

वळणावर

पण जपानात नोंदणी पण आहे ना? मग?

पादचारी_प्रथम

आहे. १९९४ पासून कायद्यानं बंधनकारक आहे, न केल्यास दंड मात्र नाही. सायकल विकतानाच दुकानदार ती करून देतो आणि फ्रेमवर बोटभर स्टिकर लावतो. उद्देश चोरी रोखणं, सापडलेली सायकल मालकाकडे पोचवणं. धावत्या सायकलवरचं ते स्टिकर तुम्हाला दुर्बिणीतूनही वाचता यायचं नाही.

आणि शिस्त लावायची तर पाटी लागतेच असंही नाही. सिग्नल तोडणाऱ्या, हातात फोन धरून चालवणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वाराला जागेवर दंड करता यावा म्हणून जपाननं २०२४ मध्ये कायदा बदलला, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. पोलीस थांबवतो, ओळख विचारतो, पावती देतो. त्यासाठी माणूस चौकात उभा असावा लागतो, हा त्यातला महाग भाग.

उगाच_एक_शंका

म्हणजे पाटी स्वस्त, पोलीस महाग. आता कळलं सगळीकडे पाटीचीच चर्चा का असते.

बेरीजवजाबाकी

कराच्या बाजूचं एक उदाहरण राहिलंच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०१८ पासून २०० डॉलर किंवा त्याहून महाग नवीन सायकलवर विक्रीच्या वेळी एकदाच १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. वर्षाकाठी पावती नाही, नोंदवही नाही. पैसे सायकल आणि पायी चालण्याच्या मार्गांसाठी. वसुली सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कमीच झाली. हवाईतल्या होनोलुलूत तर एकदाच १५ डॉलर भरून नोंदणीच करावी लागते, वीस इंच किंवा त्याहून मोठ्या चाकाच्या सायकलींची. लहान मुलांच्या सायकली त्यातून आपोआप सुटतात. खिडकीपलीकडचे काका, हा उपाय तुमच्या टोरांटोवर बरा वाटतो का?

खिडकीपलीकडचा

बरा वाटतो. चाकाच्या मापावरून वय ठरवणारा माणूस नक्कीच कधीतरी खिडकीमागे बसलेला असणार.

वळणावर

चला, साध्या सायकलीचं सोडून देतो. कराचा मुद्दा मागे घेतो असं नव्हे, पण सव्वा पैशासाठी भांडत नाही. विजेवरच्या सायकलींचं काय? परवा एक माझ्या गाडीशेजारून चाळीसच्या वेगानं गेली. पेडल नुसतं शोभेला, पाय हलत पण नव्हते.

चेनतेल

याबाबत मी तुमच्याच बाजूचा. युरोपात रेघ स्पष्ट आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर, पेडल मारलं तरच मदत, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद. तोवर ती सायकल. ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणारी असेल तर ती मोपेडमध्ये जमा, नंबरप्लेट आणि विमा दोन्ही लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांतले काही जण वेगाची मर्यादा उठवून द्या म्हणतात. मी नाही म्हणतो. मग ते दुसरीकडून करून आणतात आणि ब्रेक झिजले म्हणून पुन्हा माझ्याकडेच येतात. सायकलचे ब्रेकपॅड त्या वेगासाठी केलेले नसतात. मागच्या आठवड्यात एकाचे काढले तर पॅडचा पत्रा थेट डिस्कला घासत होता, डिस्क निळी पडली होती.

पाटी लावायची तर अशांना लावा.

गिअरशिवाय

+१. आणि त्या पदपथावर आल्या तर +१००.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. आईचं प्लास्टर परवा निघालं. बोटं अजून नीट मिटत नाहीत, फिजिओथेरपी चालू आहे.

धागा काढताना मला नंबर हवा होता. आता वाटतं, नंबर मिळून त्या सायकलवाल्याच्या दाराशी गेले असते तरी पुढे काय? त्याच्याकडे विमा नसता, आम्ही भांडलो असतो. तो थांबून आपला फोन नंबर देता तर मला कोणतीच नोंदवही लागली नसती, हेही आहेच. विम्याबद्दल पादचारी_प्रथम म्हणाल्या ते पूर्ण पटलं. कराचं मी सोडून दिलंय. नोंदणीचं... अजून पूर्ण सोडवत नाही. चोरीसाठी तरी उपयोग होतो ना?

चेनतेल

होतो, पण त्यासाठी नवीन काही नको. सायकलला नंबर आधीच असतो, फ्रेमवर कोरलेला. डेन्मार्कमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर तो असावाच लागतो, आणि चोरी झाल्यावर विमा कंपनी तोच मागते. नेदरलँड्समध्ये जुनी सायकल घेताना तो नंबर टाकून ती चोरीची आहे का, हे कोणालाही तपासता येतं. माझ्याकडे सायकल हरवली म्हणून रडवेले झालेले लोक येतात. नंबर विचारला तर शंभरातले नव्याण्णव म्हणतात, "नंबर असतो?"

तुमच्या यजमानांना माहीत आहे का त्यांचा?

तिसरा_मजला

नाही!! आत्ता दोघांनी मिळून सायकल उलटी केली. सीटखालच्या नळीवर नाही, हँडलखाली नाही.

चेनतेल

दोन्ही पेडल जिथं जोडलेली असतात ते आडवं नळकांडं बघा. त्याच्या पोटाला. टॉर्च लागेल.

तिसरा_मजला

सापडला! चार वर्षांचा चिखल आणि तेल होतं, जुन्या टूथब्रशनं खरवडलं. पहिली दोन अक्षरं आणि पुढचे आकडे दिसतायत, पण पाचवा आकडा ३ आहे की ८ यावरून घरात वाद चालू आहे. नवरा म्हणतो ३, मी म्हणते ८, आईनं खुर्चीतूनच ६ म्हणून मत दिलंय.

चेनतेल

पातळ कागद त्यावर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. उठेल.

तिसरा_मजला

८ आहे.